दोनशे युनिटांच्या आत

३ फेब्रुवारी

बारके,

जानेवारीचं वीजबिल आलं. तीनशे बहात्तर युनिट. दोन माणसांचं घर, त्यातलं एक माणूस पंचाहत्तरी उलटलेलं, आणि तीनशे बहात्तर युनिट! ज्या हॉटेलात मी देखभाल खातं बघतो, तिथल्या सहा मजल्यांची वीज मी पाच वर्षांत एक तृतीयांशाने खाली आणली. मालकाने चार माणसांत पाठ थोपटली. आणि माझ्या स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार.

फोन करत नाही. फोन बाबांच्या उशाशी असतो, आणि तू बोललेलं दुसऱ्या दिवशी फिरवतेस. लेखी असलेलं बरं.

घर माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, बिल मी भरतो. तू बाबांचं करतेस, मान्य. पण तू तिथे शाळांचे गणवेशही शिवतेस. मोटरची मशीन, वर इस्त्री. धंदा तुझा आणि वीज माझी, हा कुठला न्याय? आता नीट वाच. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लाव. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय, थंडावा बाहेर जातोय. जुने पिवळे बल्ब काढून टाक. गिझर पन्नास अंशांच्या वर नको. इस्त्री रोज थोडी थोडी तापवत बसू नकोस, कपडे साठवून एकदम कर.

दर रविवारी बाबांना मीटरचं रीडिंग घ्यायला सांग आणि आठवड्याचे युनिट मला कळव. त्यांनी एकतीस वर्षं दारोदार मीटर वाचले, एक आकडा चुकला नाही. तू वाचू नकोस.

महिन्याला दोनशेच्या आत आलं पाहिजे. एप्रिलपर्यंत आलं नाही, तर मे महिन्यात बाबांना मी इकडे घेऊन येईन आणि घर भाड्याने देईन. तू तुझी सोय बघ.

— दादा

११ फेब्रुवारी

दादासाहेब,

धाकट्या बहिणीला घराबाहेर काढायची नोटीस इतक्या सुवाच्य अक्षरात आली, धन्य वाटलं.

तुझी कागदाची परीक्षा केली. फ्रिजच्या दारातून कागदच काय, बाबांची रीडिंगची वहीसुद्धा निघाली असती. फ्रिज तूच दिलेला, सतरा वर्षांपूर्वी, वापरलेला. तेव्हाही तो उपकार म्हणूनच आला होता. नवं रबर मी माझ्या पैशाने बसवलं. पिवळे बल्ब तीन होते, बदलले. गिझर कमी केला. इस्त्री आता आठवड्यातून दोनदाच. बाकी माझ्या मशीनची मोटर शंभर वॅटची आहे, एखाद्या पंख्यापेक्षा थोडी जास्त. हे तुला ठाऊक नसेल तर मालकाने पाठ थोपटली ती कशाबद्दल, तेवढं कळव.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. बाबांना नेणार म्हणतोस. गेल्या वेळी आठ दिवस नेलं होतंस, अकराव्या मजल्यावर. लिफ्टचं बटण कुठलं ते लक्षात राहीना, दर वेळी वहिनीला विचारायची लाज वाटायची, म्हणून त्यांनी खाली उतरणंच सोडलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "बारके, मला परत पाठवू नकोस गं." हे तुला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या पत्राने तो नेम मोडला.

आणि माझी सोय म्हणतोस. बावन्न वर्षांची बाई, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल. कुठे नेऊ? गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं. तुला हे कळत नाही असं नाही. कळूनच लिहिलंयस.

तुझं पत्र बाबांना दाखवलेलं नाही, मशीनच्या खणात टाकलंय. त्यांना एवढंच सांगितलं की दादाला दर रविवारी रीडिंग हवंय. माणूस खुलला. सकाळी सातला आंघोळ उरकून, शर्ट खोचून, टॉर्च घेऊन स्वतःच्याच जिन्याखाली ड्यूटीवर गेले. पहिल्या आठवड्याचे पंचेचाळीस युनिट.

— बारकी

२६ फेब्रुवारी

बारके,

तुझी रविवारची पत्रं मिळाली. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. तीन रविवार. म्हणजे आजवर जवळजवळ निम्मी वीज तू उधळत होतीस, हे तुझ्याच पत्रांनी सिद्ध झालं. तोंडाने कितीही फणकारलीस तरी आकडा आकडा असतो.

हॉटेलात लावतो त्या चिकटपट्ट्या पाठवतोय, "खोली सोडताना दिवा बंद करा". प्रत्येक बटणाशेजारी एक लाव. तुझ्या शिवणाच्या खोलीत दोन.

लिफ्टची गोष्ट तू तिखटमीठ लावून सांगतेस. बाबा मला तसं काही बोलले नाहीत. रीडिंग असंच राहिलं तर मे महिन्याचा विषय मी काढणार नाही.

— दादा

५ मार्च

बारके,

बिल आलं. तीनशे एक्केचाळीस युनिट.

बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो, हे तू विसरलीस. आकडा स्वच्छ दिसतो. तुझ्या चार पत्रांतल्या आकड्यांची बेरीज एकशे ऐंशीच्याही खाली. फोटो खोटा नाही. बाबा चुकत नाहीत. मग मधे उरलं कोण? आकडे पत्रात उतरवून कोण पाठवतं?

वीज उधळलीस ते एक वेळ सोडलं असतं. पण बाबांच्या नावावर खोटं खपवलंस. त्या माणसाजवळ दुसरं काय आहे? पेन्शन तुटपुंजी, तब्येत ही अशी, आणि "ह्यांचा आकडा पक्का" एवढं एक नाव. तेही तू विकलंस.

मे महिन्याचं पक्कं. खोलीची चौकशी आत्तापासून सुरू कर.

— दादा

१३ मार्च

दादा,

उचलली जीभ लावली टाळ्याला. सोबत बाबांच्या वहीचं पान फाडून पाठवतेय. अक्षर ओळख. सात हा आकडा मधे आडवी रेघ मारून अख्ख्या घरात एकटेच लिहितात. जे त्यांनी लिहिलं तेच मी कळवलं, एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही. त्यांच्या वहीचं पान आजवर कुणी फाडलेलं नाही. तुझ्यामुळे ते पापही माझ्या हातून झालं.

माफी मागायची असेल तर पोस्टाची तिकिटं काही महाग नाहीत.

आता पुढचं. फोटो खरा, मी खरी, मग चुकतंय कोण? पान हातात घेऊन बसले आणि मला भीती वाटली. शहात्तरावं चालू आहे. ज्या माणसाने एकतीस वर्षं मीटर वाचले, त्याला "तुम्हाला आता मीटर दिसत नाही" हे कुणी सांगायचं? तू सांग. तू थोरला. सल्ले देताना थोरला असतोस, तसा आता हो.

— बारकी

२० मार्च

बारके,

पान मिळालं. अक्षर बाबांचं आहे. पण अक्षर त्यांचं म्हणून आकडा त्यांचा ठरत नाही. तू टॉर्च धरून आकडा सांगितलास आणि त्यांनी लिहिला, असंच झालं असणार.

आठवतं का, आपण शाळेत होतो. त्या गिरणीवाल्याने बाबांना सांगितलं होतं, महिन्याला थोडं कमी लिहीत जा, तुमचंही भागेल. बाबांनी त्याच्यादेखत मीटरवर टॉर्च मारला आणि आकडा पुन्हा मोठ्याने वाचला. गिरणीवाल्याचे हात वरपर्यंत पोचलेले. तीन वर्षं बाबांची लांब बदली झाली, पगार रोजच्या जाण्यायेण्यात संपायचा, आणि आपण फाटके बूट घालून शाळेत गेलो. आई कधी कुरकुरली नाही. त्या माणसाच्या वहीत खोटा आकडा? मरतील पण लिहिणार नाहीत.

तेव्हा एक तर डोळे गेलेत, नाही तर तू. डोळे तपासून घे आणि डॉक्टरची चिठ्ठी मला पाठव. वायरमनलाही बोलाव. मेन स्विच चालू ठेवून घरातला एकेक भाग बंद करायचा आणि मीटरवरचा लाल दिवा बघायचा. तो भराभर लुकलुकत असेल तर वीज जातेय. कुठला भाग बंद केल्यावर थांबतो, ते मला लिही. माझी पैज, तुझी शिवणाची खोली.

— दादा

३१ मार्च

दादा,

पैज हरलास. सावकाश सांगते, कारण मला यातली एकही ओळ गाळायची नाही.

डॉक्टरची चिठ्ठी सोबत आहे. मोतीबिंदू काढल्यापासून नजर चोख. तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचलीच, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर हसले. मला हसू येईना. डोळे ठीक, म्हणजे डोकं, असं वाटून मी परत येताना रस्ताभर त्यांना तारीख, वार, तुझ्या मुलीचं वय विचारत होते. सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पास झालो का गं मी?"

काल वायरमन आला. माझी शिवणाची खोली बंद केली, दिवा लुकलुकत राहिला. फ्रिज बंद केला, गिझर बंद केला, तरी लुकलुकत राहिला. मागच्या खड्ड्यातली पाण्याची मोटर बंद केली आणि दिवा थांबला. पाणी उलटं येऊ नये म्हणून नळीत झडप असते ती गेलीय. वर चढवलेलं पाणी त्याच नळीने परत खालच्या टाकीत उतरतं. वरची टाकी जरा उतरली की मोटर आपोआप सुरू होते. तेच पाणी वर, तेच पाणी खाली, दिवसरात्र. आवाज कायमचा झाला की कानाला ऐकू येत नाही.

ते आपोआप सुरू करणारं यंत्र कुणी बसवलं? तू. दोन वर्षांपूर्वी. "बारकी मोटर बंद करायला विसरते" म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या हाती बटण होतं तोवर दिवसाला वीस मिनिटं मोटर चालायची.

आता खरं सांगायचं ते. वायरमन मीटर वाचायला वाकला, तर बाबा आडवे उभे राहिले. "मी सांगतो आकडा." तो म्हणाला, "काका, जरा सरका, मला दिसतंय." आणि त्याने मोठ्याने वाचला. वहीतल्या आकड्यापेक्षा तीनशे युनिटांनी जास्त. बाबा वही मिटून बाजूला झाले.

वायरमन गेल्यावर मी विचारलं. जिन्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "त्याने दोनशेच्या आत म्हटलं होतं ना? मग दोनशेच्या आत लिहिलं." तुझं पहिलं पत्र त्यांनी आलं त्याच दिवशी मशीनच्या खणातून काढून वाचलं होतं. नजर चोख आहे, सांगितलं ना.

मी म्हटलं, "बाबा, बिलावर फोटो असतो."

"आमच्या वेळी नव्हता," म्हणाले.

— बारकी

७ एप्रिल

बारके,

झडपेचं कळलं. यंत्र बसवताना मी झडपही बघायला हवी होती. खर्च किती आला ते कळव.

पण त्यावर नाचू नकोस. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला तो कुणापायी? तुझ्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून. गिरणीवाल्याला जे जमलं नाही ते तू करून दाखवलंस. त्यांच्यापुढे काय रडगाणं गायलंस, तूच जाणे.

न राहवून परवा बाबांना फोन केला. एवढंच विचारलं, "रीडिंग खोटं का लिहिलंत?" तर म्हणाले, "पुन्हा होणार नाही, साहेब."

साहेब! मला! ही चेष्टा त्यांना कुणी शिकवली? तू?

— दादा

१२ एप्रिल

दादा,

चेष्टा नव्हती. मी समोर होते. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि ते उभे होते. तुझा फोन आला की ते उठून उभेच राहतात. तुला दिसत नाही म्हणून तुला माहीत नाही. मला दिसतं, मीही कधी सांगितलं नाही.

माझ्यापायी, असं तू म्हणतोस. मीही तसंच समजत होते, आणि मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू. बाबांनी माझ्यासाठी एवढं केलं! म्हणून त्यांच्याच तोंडून ऐकायला गेले. "माझ्यासाठीच ना, बाबा?" तर म्हणाले, "तुझ्यासाठी होतंच गं. पण तो रागावला ना, की मला काही सुचत नाही."

गिरणीवाला परका होता. त्याने फार तर बदली केली. बदली झाली तरी संध्याकाळी परतायला घर होतं, बायको होती, बूट फाटलेली दोन पोरं होती. तू पोटचा. तू कागदावर तारीख घालून लिहिलंस की मे महिन्यात घर जाणार. या वयात त्या माणसाने कुणाच्या तोंडावर टॉर्च मारायचा?

बाबा तुला घाबरतात. तुला काय पुरावा मागायचा तो माग, चिठ्ठी आणून देईन.

झडप बसली, माझ्याच पैशाने. आता दिवसाला जेमतेम सहा युनिट पडतात. हे आकडे मी वाचते. बाबा जिन्याखाली जात नाहीत. वही त्यांनी कपाटाच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवून दिली. रविवारी सातला उठतात, आंघोळ करतात आणि खुर्चीत बसून राहतात.

— बारकी

२० एप्रिल

बारके,

पत्र चार वेळा वाचलं. तू नेहमीच वाढवून लिहितेस. तरी वहिनीला वाचून दाखवलं, म्हटलं बघ ही काय लिहिते. ती भांडी आवरत राहिली. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "मला काय विचारता? मी तरी तुम्हाला कधी काय सांगते?"

मीटर तुझ्या नावावर करायचा अर्ज सही करून पाठवतोय. उपकार म्हणून नाही. ज्याचा वापर, त्याचं नाव. बिल मात्र मी भरत राहीन. मे महिन्याचं जे लिहिलं होतं ते मोडीत काढ. घर भाड्याने जाणार नाही, बाबा कुठेही जाणार नाहीत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो. ते यंत्र मीच बसवलं, मीच काढीन. बाबांना सांग. मी रागावलेलो नाही हेही सांग. हे पत्र त्यांना वाचायला दिलंस तरी चालेल.

— दादा

२५ एप्रिल

दादा,

अर्ज मिळाला. सहीची रेघ कुठे अडखळलेली दिसत नाही, आश्चर्य आहे. आभार मानणार नाही.

पत्र बाबांना वाचायला दिलं. खिडकीशी जाऊन दोनदा वाचलं. "येतोय," एवढंच मोठ्याने म्हणाले. मग उठले आणि पंखा बंद केला.

आज तिसरा दिवस. दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नाही इतकं ऊन तापतंय. बाबा खुर्चीत घामाने निथळत बसलेत, बनियन पाठीला चिकटलंय. मी पंखा लावते, ते उठून बंद करतात. मी लावते, ते बंद करतात. काल फ्रिजची पिन काढून ठेवली होती, दूध नासलं. मी ओरडले. मग रडले. तुझा अर्ज त्यांच्यासमोर धरला, म्हटलं बाबा, सही बघा, मीटर आता माझ्या नावावर होणार, बिल कितीही येऊ दे. त्यांनी सही नीट बघितली आणि म्हणाले, "त्याला एकदा येऊन जाऊ दे."

फोन करणार होते. पण तुझा आवाज आला की ते या उकाड्यात उभे राहतील. वायरमन सामान आणायला तुझ्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतेय. संध्याकाळपर्यंत मिळेल.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. पण शनिवारची वाट बघू नकोस, वाचलंस की निघ. आल्यावर मोटरकडे जाऊ नकोस, मीटरकडे बघूही नकोस. सरळ आत ये आणि तुझ्या हाताने पंखा लाव. माझ्या हातचा ते चालू देत नाहीत.

— बारकी